खाणीवरच्या माहितीपटात बाई म्हणजे धरतीच का?

वेचणी: वणी तालुक्यातल्या आमच्या गावात मागच्या आठवड्यात समाजमंदिरात पडदा लावून कोळसा खाणीवरचा माहितीपट दाखवला. आमच्याच भागातला. मातीच्या ढिगाऱ्यासमोरून डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन जाणारी बाई, मग ब्लास्टिंग, मग परत तीच बाई. निवेदनात सांगितलं की धरती आणि स्त्री, दोघींची कूस एकाच हातानं ओरबाडली. बाजूची मावशी हळूच म्हणाली, "माहा गुंड दिसला, पण माही मजुरी गेली ते कुठी हाय?"

मावशीला जमीन नाही. लोकांच्या वावरात किलोवर कापूस वेचायची. वावर खाणीत गेलं. मालकाला मोबदला मिळाला, दोन एकरामागे एक नोकरी या हिशेबानं त्याचा पोरगा नोकरीवर लागला. मावशीचं नाव कोणत्याच यादीत नाही. अर्थशास्त्रज्ञ बीना अगरवाल यांनी १९९२ मध्येच मांडलं होतं की बाईचं निसर्गाशी नातं जन्मानं ठरत नाही. ती काय काम करते, तिच्या नावावर काय आहे, ती कोणत्या जातीची, कोणत्या वर्गाची, यावर ठरतं. मला ते पटतं, आणि हा माहितीपट नेमका तिथंच गप्प बसतो.

वर्धेकाठचा मास्तर: ताई, मी सहमत नाही. पर्यावरणवादी वंदना शिवा यांनी १९८८ च्या पुस्तकात झाडं वाचवणाऱ्या चिपको आंदोलनातल्या बायकांबद्दल लिहिलं ते आपल्याकडेही खरं आहे. रोज पाणी भरते तिलाच झरा आटल्याचं आधी कळतं. आमच्या विहिरींचं पाणी खाली गेलं तेव्हा बायका दोन उन्हाळे सांगत होत्या. माणसांना टँकर आल्यावर समजलं. हे ज्ञान आहे, नुसतं दुःख नाही. आणि पडद्यावर तासभर सातबारा कोण पाहील?

क्वार्टरवाली: माझे मिस्टर खाणीत डंपर चालवतात. त्या पगारावर दोन पोरी शिकल्या. १९५२ च्या खाण कायद्यानं बायकांना भूमिगत खाणीत कामाला बंदी होती. २०१९ मध्ये अटी घालून ती सैल झाली. माझी धाकटी मायनिंगचा डिप्लोमा करते आहे, तिला खाली उतरायचं आहे. बाई नाजूक, बाई आई, तिला जपा, असं म्हणूनच तर इतकी वर्षं दार बंद ठेवलं. तुमचा माहितीपट तिला परत धरतीमाय करून बसवतो. धूळ आम्हीही खातो हो, वाळत घातलेली चादर संध्याकाळी काळी होते. पण खाण म्हणजे राक्षसच, असं माझ्या घरात बसून मला म्हणता येणार नाही.

एटापल्लीकर: सगळ्यांना एकाच मापानं मोजू नका. आमच्या गडचिरोलीत लोखंडाची खाण आहे तो सुरजागडचा डोंगर आम्हा माडिया आदिवासींसाठी ठाकूरदेवाचं ठिकाण आहे, दरवर्षी यात्रा भरते. डोंगराशी नातं शहरातून आलेल्या अभ्यासकांनी शिकवलेलं नाही. पण तो 'माय' नाही, देव आहे. माय हा शब्द निवेदकाचा.

वेचणी: एटापल्लीकर, हे मला सुचलं नव्हतं. मास्तर, पाण्याचं ज्ञान मान्य, पण ते माहितीपटात कुठं आहे? त्या बाईला एक वाक्य बोलू दिलेलं नाही. बार्बरा कोपल यांचा १९७६ चा 'हार्लन काउंटी, यूएसए' बघा. अमेरिकेतल्या केंटकीमधला कोळसा कामगारांचा संप. त्यात कामगारांच्या बायका पहाटे रस्ता अडवतात, बैठकीत एकमेकींशी भांडतात, चुकतात, परत येतात. त्यांना धरती करावं लागलं नाही.

आणि सातबारा कंटाळवाणा कसा? शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या, म्हणजे बायकोच्या नावे जमीन करायच्या मोहिमेच्या वेळी माझ्या मामानं दीड एकर मामीच्या नावे केलं. जमीन जायची वेळ आली तेव्हा सह्या करायला मामीला बोलवावं लागलं. तीन दिवस तिनं सही केली नाही, आधी विहिरीचे पैसे विचारले. मास्तर, सांगा, हे पडद्यावर कोण बघणार नाही?

वर्धेकाठचा मास्तर: बघतील. मामीचं मीही बघेन. पण गुंडवाली बाई मी काढणार नाही, तिला बोलू देईन.

क्वार्टरवाली: आणि कोणी खाणीत काम करणाऱ्या बाईलाही विचारा.

वेचणी: विचारायलाच हवं, ताई. दिग्दर्शकांचा निरोप आला आहे, परत येतो म्हणतात. मावशी बोलायला तयार आहे. फक्त सकाळी सातच्या आधी या म्हणावं; सातला ऑटो येतो, आता ती दुसऱ्या गावी वेचायला जाते.