आर्टेमिसियाचा काढा गोळ्यांची जागा का घेऊ शकत नाही

मलेरियावरचं आर्टेमिसिनिन हे औषध आर्टेमिसिया अ‍ॅनुआ या झाडातूनच निघतं, तर मलेरियात त्याच्या पानांचा काढा का नको, हा प्रश्न रास्त आहे. पण चिनी वैद्य गे होंगच्या चौथ्या शतकातल्या कृतीत पानं उकळायची नव्हती. मूठभर पानं पाण्यात भिजवून पिळायची होती. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना तिथेच दुवा सापडला: उष्णतेनं औषध निकामी होत असावं. त्यांनी औषध काढायला कमी तापमानाला उकळणारं ईथर हे द्रावक वापरलं आणि ऑक्टोबर १९७१ मध्ये उंदरांवर परिणाम दिसला.

आर्टेमिसिनिन पाण्यात जेमतेम विरघळतं. शिवाय पानांतलं प्रमाण वाणागणिक बदलतं, म्हणजे कपात किती उतरलं ते कळायला मार्ग नाही. ताप उतरतो, मलेरियाचे थोडे परजीवी उरतात आणि आजार उलटतो. अपुऱ्या मात्रेतून प्रतिरोधालाही, म्हणजे परजीवींनी औषधाला दाद न देण्यालाही, वाव मिळतो. पश्चिम कंबोडियात आढळलेल्या प्रतिरोधामागे परजीवीच्या केल्च-१३ जनुकातले बदल आहेत: कोवळ्या, अंगठीच्या आकाराच्या अवस्थेतले परजीवी जणू झोपून राहतात आणि औषध ओसरलं की उठतात.

औषध ओसरतं काही तासांतच, म्हणून सोबत ल्युमेफॅन्ट्रिनसारखं शरीरात जास्त काळ टिकणारं दुसरं औषध जोडीदार म्हणून लागतो. त्या जोडगोळीचे सहा डोस ०, ८, २४, ३६, ४८ आणि ६० व्या तासाला, दूध किंवा स्निग्ध खाण्यासोबत घ्यायचे. उपाशीपोटी ल्युमेफॅन्ट्रिन नीट शोषलंच जात नाही. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून उरलेल्या गोळ्या कृपया ठेवून देऊ नका.

आर्टेमिसिनिनच्या कर्करोगावरच्या उपयोगाचं म्हणाल, तर ते काम मुख्यतः प्रयोगशाळेतल्या पेशींवरचं आहे. त्याच्या भरवशावर चालू उपचार सोडू नयेत.