विषय: डिसेंबरचं जळगाव शिबिर, "एक मूल, एक पालक" ही ओळ काढा

प्रेषक: यावलकर

मंडळी, जाड मुलांच्या शिबिराचा कार्यवाहांचा फॉर्म बघितला. मुलासोबत एकच पालक ही ओळ काढल्याशिवाय तो गावी पाठवू नका. आमच्या भाच्याला आहारतज्ज्ञांनी चिठ्ठी दिली, ओट्स न् सॅलड. आणली बापाने. तो दिवसभर दुकानात, आई शाळेवर. पोराला खायला देते ती आजी, आणि तिला ती कोणी वाचूनही दाखवली नाही. पोरगं शाळेतून आलं की हिचा डबा उघडतो: शेवमुरमुरे, वर कच्चा कांदा न् तेलाची धार. रात्री शेवभाजी. तिला न बोलावता आपण कोणाला समजावणार? इथल्या, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२३ मध्ये हेच सांगितलं: घरच्यांना धरून उपचार, तीन ते बारा महिन्यांत किमान २६ तास, समोरासमोर.

प्रेषक: खजिनदार

आजी आली की आजोबा येणार, मागून आत्या. जेवणाचं कोण बघणार? नेत्रशिबिराचं मांडववाल्याचं बिल सगळ्यांना आठवत असेलच. आणि २६ तास कुठून आणता, आपल्याकडे एक दुपार आहे.

प्रेषक: नंदुरबारकर

धडगाव-अक्कलकुव्यात बाळं कुपोषणाने खंगतात आणि आपण जाड मुलांवर खर्च करतोय. मागच्या सभेतही बोललो होतो, इतिवृत्तात आलं नाही.

प्रेषक: डॉक्टरवहिनी, धुळे

नंदुरबारकर भाऊ, कधी कधी एकाच घरात दोन्ही सापडतं, आई अशक्त न् मुलगा जाड. त्यावर वेगळा धागा काढा, मी लिहीन.

शिबिराबद्दल: वजन-उंचीचा इथला अमेरिकन कॅल्क्युलेटर वापरू नका. भारतीय बालरोग संघटनेचे २०१५ चे तक्ते घ्या, त्यात जाड ठरवायची रेषा खाली आहे, कारण आपल्याकडे कमी वजनावरच साखर वाढायला लागते. वजनकाटा पडद्याआड ठेवा. मागे एका शिबिरात आकडा मोठ्याने पुकारला, शेजारची पोरं हसली, ती मुलगी पुन्हा आलीच नाही. बॅनरवर "लठ्ठ" शब्द नको. आणि एका दुपारीत उपचार होत नाही, ती पहिली भेट धरा. पुढचं तिथल्याच बालरोगतज्ज्ञांकडे, रविवारी संध्याकाळी, दुकानं-शेतं उरकल्यावर.

प्रेषक: चोपडेकर

वहिनी, "तिथल्याच" म्हणणं सोपं आहे. आमच्या पुतण्याला हार्मोनच्या डॉक्टरांसाठी नाशिकला पाठवलं. एका तपासणीपायी बापाची रोजी बुडते, एसटीचं भाडं वेगळं. डॉक्टर चांगले होते, पण पुन्हा कोण जाणार?

प्रेषक: अमळनेरकर

शेवमुरमुरासले नावं ठेवू नका भो! आम्ही त्यावरच वाढलो. पोरं बिघडतात ती मोबाईल न् रंगीत पाकिटांनी. शाळेपासून ५० मीटरच्या आत असला माल विकायचा नाही, असा २०२० चा नियम आहे. आमच्या शाळेची टपरी गेटला टेकून आहे.

प्रेषक: यावलकर

तुम्ही शाळेतून आल्यावर नदीवर जायचात, अमळनेरकर. हा पोरगा क्लासला जातो, तोही स्कूटरवर मागे बसून.

प्रेषक: डॉक्टरवहिनी, धुळे

चोपडेकर, म्हणूनच पहिली भेट जवळ हवी. रक्त न् बीपी तालुक्यालाच बघता येतं, नाशिकला सगळ्यांना जायची गरज पडत नाही. आजीला "बंद करा" म्हणू नका, चिडते. कळण्याची भाकरी चालेल म्हणा, तेलाची धार चमच्याने मोजायला सांगा आणि तो डबा वरच्या फळीवर जाऊ दे.

प्रेषक: खजिनदार

मग जेवणात भरीत न् कळण्याची भाकरीच ठेवू. वांगी बामणोदची.

प्रेषक: अमळनेरकर

भरताला तेल किती? की तेही चमच्याने?

प्रेषक: कार्यवाह

फॉर्म बदलला: "मुलाच्या खाण्यापिण्याचं जो बघतो तो, आणि घरातलं आणखी एक माणूस." आजोबांचं आजोबा बघतील. भरताचा वाद फोनवर घाला. नंदुरबारकरांचा मुद्दा पुढच्या सभेत, इतिवृत्त मी स्वतः लिहीन. डॉक्टरवहिनी, रविवारी बसतील अशा दोन-तीन डॉक्टरांशी बोलून ठेवाल का? खजिनदारांनी मांडवाचे दर मागवावेत.

प्रेषक: खजिनदार

मागवतो. पण मांडववाला या वेळी मी ठरवणार.