वडगावातलं मागाचं जुनं घर: पाडून स्लॅब टाकू की दुरुस्त करू?

मागकर_वडगाव
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहूलालोय पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला काही सुचवता येणार नाही. बेळगावच्या वडगावात आमच्या आजोबांनी बांधलेलं घर आहे. पुढं सोपा, आत माजघर, त्याला लागून स्वयंपाकघर आणि मागं परड्यात मागाची शेड. भिंती मातीच्या, चांगल्या दीड हात जाड, वर मंगळुरी कौलं. सोप्यात सागवानी चार खांब आहेत, त्यातल्या एकावर आजोबांनी दर वर्षी बाबांची उंची मोजून विळ्यानं खूण केलेली, त्या खुणा अजून दिसतात. शेडमध्ये पूर्वी खड्डामाग होता, नंतर चार पॉवरलूम आले, आता दोनच चालतात.

अडचण अशी की पावसाळ्यात माजघराची पश्चिमेची भिंत ओल धरते. मागच्या उन्हाळ्यात पैसे घालून सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं तर जुलैत ते फुगून पापुद्र्यासारखं सुटलं, आणि कोपऱ्यात करंगळी जाईल एवढी भेग आहे. संडास परड्यात. आजी ८० च्या पुढं, रात्री पावसात छत्री आणि बॅटरी घेऊन जाते, मला तेच सगळ्यात जास्त लागतं. धाकटा भाऊ पुण्याच्या कंपनीचं काम घरातनं करतो, त्याला मागाच्या आवाजात मीटिंगला बसता येत नाही.

काँट्रॅक्टर येऊन पाच मिनिटांत बघून म्हणाला, पाडा, पिलर उभे करू, दोन मजली स्लॅब. घरात सगळे तेच म्हणूलालेत. बाबा काहीच बोलत नाहीत, नुसते खांबाला टेकून बसतात. मला पाडवत नाही, पण नुसतं मन म्हणतं म्हणून सगळ्यांना ओल्यात ठेवायचं का? कुणी असं घर नीट करून घेतलंय काय?

जांबोटी_रोड
मी साइट इंजिनिअर, वीस वर्षं हेच काम करतोय, खानापूर तालुक्यात असली घरं बरीच हाताखालून गेलीत. पाच मिनिटांत बघून पाडा म्हणणाऱ्याचं ऐकू नका, आधी ओल कुठनं येते ते हुडका. मातीची भिंत पाणी पितेही आणि सोडतेही, तिला बाहेरनं सिमेंट थापलं की आत गेलेलं पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही, मग ते प्लास्टरच ढकलून देतं. तुमचं तेच झालंय. तेवढं सगळं काढून टाका, एक उन्हाळा भिंत वाळू द्या, मग चुन्याचा गिलावा करा. चुना घाईचा नव्हे, भिजवून काही आठवडे तरी मुरवायला लागतो आणि लावल्यावर पण दिवसाआड पाणी मारत बसावं लागतं.

दुसरं, पश्चिमेला गल्ली आहे काय? असली तर रस्ता बघा. दर वेळी डांबराचा नवीन थर जुन्यावरच पडत जातो आणि घराचं जोतं खाली जातं, मग गल्लीचं पाणी थेट पायाशी थांबतं. भिंतीलगत हातभर रुंद चर खणून त्यात खडी भरा आणि पाणी गटाराकडं काढून द्या, निम्मी ओल तिथंच जाईल. कौलांची पन्हळ कुठं पडते तेही बघा.

भेगेला घाबरू नका, तिला विचारा. भेगेवर आडवी काचेची बारीक पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटनं चिकटवा आणि शेजारी भिंतीवर तारीख लिहा. पावसाळा अख्खा जाऊन काच शाबूत राहिली तर भेग जुनी, भरून घ्या. तडकली तर भिंत अजून हलतेय, मग पाया उघडून बघायला स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवायलाच पाहिजे, तिथं पैसे वाचवायचे नाहीत.

आणि न पाडता नवं करणं म्हणजे गरिबाची ठिगळं असं कुणाला वाटत असेल तर फ्रान्समधल्या बोर्दोचं उदाहरण घरात सांगा. तिथं १९६० च्या दशकातल्या तीन मोठ्या इमारती होत्या, ५३० घरं. लाकातों आणि वासाल या जोडीनं आणखी दोन आर्किटेक्ट बरोबर घेऊन त्या पाडल्याच नाहीत, बाहेरच्या बाजूनं प्रत्येक घराला जवळजवळ पावणेचार मीटर खोल काचेचा सोपा जोडून दिला. माणसं काम चालू असताना आपापल्या घरातच राहिली. त्या कामाला २०१९ ला युरोपातला मीस व्हान डेर रोहे हा वास्तुकलेचा पुरस्कार मिळाला, २०२१ ला त्या जोडीला प्रित्झकर, म्हणजे आर्किटेक्टना मिळणारा जगातला सगळ्यात मोठा मान. आपल्याला हीच रीत घेता येते, चांगलं आहे त्याला हात लावायचा नाही, जे नाही ते जोडायचं. तुमच्याकडं नाही काय, तर संडास, उजेड आणि शांत खोली. बाकी सगळं आहे की!

शहापूरची_सून
आम्ही पाडलं, म्हणून लिहिते. सासऱ्यांचं कौलारू घर होतं, दोन मजली स्लॅब घातला. पहिली दिवाळी मोठी थाटात झाली पण एप्रिल आला आणि वरच्या खोलीत रात्री बारा वाजले तरी भिंतीला हात लावला की गरम लागतंय, पोरं खालीच झोपायला येतात. जुन्या माजघरात मे महिन्यात पंखासुद्धा लागायचा नाही. सागवानी तुळया, दारं, चौकटी, सगळं लाकूड घेणाऱ्यानं टेम्पो भरून नेलं, त्याचे आलेले पैसे नव्या घराच्या ग्रिललासुद्धा पुरले नाहीत. एक दार तरी ठेवून घ्यायला पाहिजे होतं असं अजून वाटतं, सासूबाई त्या दाराला दर दसऱ्याला तेल लावायच्या.

पण भाऊ, एक सांगते, जुनं ठेवायचं म्हणून बायकांचे हाल ठेवू नका. जुन्या घरात मी तीन वर्षं धुरात आणि अंधारात स्वयंपाक केलाय. तुमच्या आईला आणि आजीला शेजारी बसवून विचारा, ओटा कुठं पाहिजे, खिडकी कुठं पाहिजे, न्हाणी कुठं. स्वयंपाकघरावर चार-पाच काचेची कौलं घातली तरी दिवसा बल्ब लावायला लागत नाही.

निपाणीकर
सगळेच जुन्याच्या बाजूनं बोलताय म्हणून दुसरी बाजू मांडतो. कौलारू घर दर वर्षी माणूस मागतं. मे संपायच्या आत कौलं परतायला पाहिजेत, माकडं नाचून गेली की परत बघायला पाहिजे, आणि ते काम करणारी माणसं आता हुडकून मिळत नाहीत, मिळाली तर चार दिवस येतो म्हणून फिरवतात. दोन भावांची लग्नं झाली, पोरं झाली तर खोल्या कुठनं आणणार? आमच्यात जागा कमी पडली म्हणून पाडलं आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. ठेवायचं तर पुढची वीस वर्षं हे कोण करणार ते भावाभावांत आधी ठरवा, नाहीतर पुढं त्यावरनंच भांडणं होतात.

रंधा_पटाशी
आमचं घराणं सुतारकीचं. खांब बघायची साधी रीत सांगतो, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बुडाशी टोचा, जमिनीपासून वीतभर चारी बाजूंनी. लाकूड बुडालाच खराब होतं, ओल तिथं आणि वाळवी पण तिथनंच चढते. पातं सहज आत गेलं तर तेवढा भाग गेलाय, पण म्हणून अख्खा खांब टाकायचा नाही. वरचा भार टेकूवर घ्यायचा, खराब तेवढं कापायचं, जुन्याच सागाचा तुकडा सांधा मारून जोडायचा आणि खाली दगडी उथळं घालायचं. उंचीच्या खुणा वर आहेत, त्यांना धक्का पण लागणार नाही. तुळईला बोटांच्या मागच्या बाजूनं ठोकून बघा, भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर आतनं खाल्लीय. कौलं फुटलेली तेवढीच बदला, पण साचा बघून घ्या, वेगळ्या साच्याची कौलं एकमेकांत बसत नाहीत आणि मग तिथनंच गळतं.

जांबोटी_रोड
निपाणीकरांचं बरोबर आहे, जागेचा प्रश्न खराच आहे. म्हणून शेडकडं बघा, तुमची खरी जागा तिथं आहे. लंडनला थेम्सच्या काठावर बँकसाइडचं वीजघर १९८१ ला बंद पडलं. तिथं २००० साली टेट मॉडर्न हे कलेचं म्युझियम झालं, आणि आर्किटेक्टनी मशिनं होती तो टर्बाइन हॉल मोडून त्यात खोल्या न काढता तसाच मोठा ठेवला. एवढी उंच मोकळी जागा परत कोण बांधून देणार? तुमच्या शेडला पण ती उंची आहे. एका टोकाला दोन माग राहू देत, त्यांच्या पायांखाली जाड रबराचे पॅड घाला, मधे प्लायवूड नको, विटांची भिंतच घाला, आवाज अडवायला वजन लागतं. पलीकडं भावाचं ऑफिस, वर माळा काढला तर एक खोली निघते. घर आणि शेडच्या मधल्या बोळात संडास-बाथरूम, वर पत्रा, म्हणजे आजी आतनंच जाईल. ती नवी भिंत आर्किटेक्ट लॉरी बेकर केरळात वापरायचे त्या रॅट ट्रॅप पद्धतीनं घाला, विटा उभ्या ठेवून मधे पोकळी सोडायची, साधारण पाव हिस्सा विटा वाचतात. परवानगी आणि शेजाऱ्याची सामाईक भिंत, दोन्हीचं कागदावर करून मगच सुरुवात करा.

मागकर_वडगाव
सगळ्यांचे आभार. काल घरात बसून बोललो. रस्त्याचं अगदी खरं निघालं, बाबा म्हणाले की ते लहान असताना गल्लीतनं सोप्यात यायला तीन पायऱ्या चढाव्या लागायच्या, आज एकच उरलीय. स्क्रू-ड्रायव्हर बाबांनी स्वतः हातात घेतला. तीन खांब पक्के आहेत, न्हाणीकडचा एक बुडाला गेलाय. संडासाचं काम पहिलं, पावसाच्या आत, ते ठरलं. भावानं शेड मापून वहीत काढलीय, कौलं परतायचं तो आणि मी आळीपाळीनं करणार असं आईसमोर कबूल केलंय. बाकीचं काच काय सांगते त्यावर. सकाळी भेगेवर पट्टी चिकटवली, शेजारी तारीख आजीनं खडूनं लिहिली.