मदत हवी आहे: आईच्या खानावळीला नगरपरिषदेची नोटीस, खुलासा कसा लिहू?

ओसरी:

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पहिला धागा काढायची वेळ अशी यावी हे नशीब.

आमचं गाव मराठवाड्यात, तालुक्याचं ठिकाण. क वर्ग नगरपरिषद, म्हणजे चाळीस हजारांच्या आतली वस्ती. नाव लिहीत नाही, गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. आई घरातूनच खानावळ चालवते. २०१७ मध्ये बाबांचं दुकान बंद झालं तेव्हा चार डब्यांवर सुरुवात केली. आता ३४ डबे जातात आणि दुपारी ओसरीवर दहा-बारा मुलं बसून जेवतात. आयटीआयची, फार्मसीची, शिवाय पंचायत समितीतले दोघं. भाकरी, एक पातळ भाजी, एक सुकी, गुरुवारी येसराची आमटी. मदतीला दोन बायका. दारावर पाटीसुद्धा नाही.

मागच्या मंगळवारी शिपाई नोटीस देऊन गेला. मजकूर असा की आपण निवासी मिळकतीचा वापर विनापरवाना वाणिज्य कारणासाठी करीत असून सांडपाणी रस्त्यावर सोडत असल्याची तक्रार प्राप्त आहे, तरी सात दिवसांचे आत खुलासा सादर करावा, अन्यथा नियमानुसार कार्यवाही करण्यात येईल. कुठला नियम, ते लिहिलेलं नाही. तक्रार कोणाची तेही नाही, पण ते आळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. शेजारचे गुरुजी. मी चौथीपर्यंत त्यांच्याच हाताखाली शिकले. काकू गेल्यापासून आई रोज वाटीभर भाजी त्यांच्याकडे पाठवायची. नोटीस आली त्या दिवसापासून वाटी बंद आहे.

मी पुण्यात असते. दोन दिवस रजा काढून गेले आणि नगरपरिषदेत टेबलं फिरले. स्वच्छता निरीक्षक म्हणाले, आधी व्यवसाय परवाना काढा. परवान्याच्या टेबलावर म्हणाले, आधी फूडचं लायसन आणा. तिथून घरपट्टीकडे पाठवलं, कारण घर अजून आजोबांच्या नावावर आहे. घरपट्टीवाले म्हणाले, शेजाऱ्यांची ना हरकत आणा. म्हणजे ज्यांनी तक्रार केली त्यांच्याचकडून, तक्रार नाही असं लिहून आणायचं!

खुलाशात काय लिहू? एक नातेवाईक सांगतात, "खानावळ नाहीच, घरचीच माणसं जेवतात" असं लिहून मोकळी हो. दुसरे म्हणतात नवीन नगरसेवकाला भेट. (आमच्याकडे इतकी वर्षं प्रशासकच होते, २ डिसेंबर २०२५ ला एकदाचं मतदान झालं, त्यामुळे सध्या सगळे नवे आणि उत्साही आहेत.) परवाना नक्की कोणाचा लागतो? आणि घरपट्टी एकदम व्यापारी होईल का? सातातले तीन दिवस गेले.

निनावी_०७:

नगरसेवकाला गाठा, दोन मिनिटांचं काम आहे. कागदी घोडे नाचवत बसू नका.

बारनिशी:

३१ वर्षं नगरपरिषदेत काढली, त्यातली नऊ आवक-जावकला, म्हणजे येणारे-जाणारे कागद नोंदवायच्या टेबलावर. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हे लक्षात घ्या की नोटीस म्हणजे आदेश नव्हे. खुलासा मागितलाय, खानावळ बंद करा असं म्हटलेलं नाही. तेव्हा आईंना सांगा, उद्याच्या भाकरी थापायला हरकत नाही.

"घरचीच माणसं जेवतात" हे चुकूनही लिहू नका. उद्या स्थळपाहणीला कोणी आलं आणि ओसरीवर बारा ताटं दिसली की तो पंचनामा तुमच्याच सहीच्या कागदाविरुद्ध जातो. खरं लिहा. अमुक सालापासून घरगुती स्वरूपात डबे देतो, इतकी माणसं, इतक्या जागेत. तक्रारीची आणि स्थळपाहणी झाली असल्यास तिच्या अहवालाची प्रत मिळावी. सांडपाण्याबाबत अमुक दुरुस्ती करत आहोत, त्यासाठी ३० दिवसांची मुदत मिळावी. कोणत्या अधिनियमाच्या किंवा उपविधीच्या कोणत्या तरतुदीखाली परवाना आवश्यक आहे ते लेखी कळवावे, म्हणजे त्याप्रमाणे अर्ज करू. झाला खुलासा. एका पानाच्या वर जाऊ नका, दुसरं पान कोणी वाचत नाही.

दोन प्रती न्या. एक आवकला द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. "साहेब साइटवर गेलेत, नंतर या" म्हणाले तरी हलू नका. आवकला साहेब लागत नाहीत. फारच टाळाटाळ झाली तर स्पीड पोस्टाने मुख्याधिकाऱ्यांच्या नावे पाठवा.

आतली गोष्ट सांगतो. लेखी तक्रार आली की ती निकाली काढावी लागते, नाहीतर प्रलंबित यादीत दिसत राहते. निरीक्षकाला तुमची खानावळ बंद करण्यात काडीचा रस नाही. त्याला हवाय एक कागद, ज्यावर "सदर इसमाने दुरुस्ती केली, तक्रार निकाली" असा शेरा मारता येईल. तो कागद तुम्ही त्याला द्या.

शेजाऱ्यांची ना हरकत कशाखाली मागतात तेही लेखी विचारा. पुष्कळदा ही टेबलावरची प्रथा असते, नियम नसतो. लेखी विचारलं की आपोआप विरते.

घरपट्टी: जेवढी जागा धंद्याला वापरता तेवढीच बिगरनिवासी धरा असा अर्ज द्या. अख्खं घर नाही. वारसनोंद मात्र यानिमित्ताने करून टाका, आज ना उद्या ती अडणारच.

आणि निनावी_०७ साहेब, नगरसेवकाचा फोन गेला की फाईल बाजूला पडते, बंद होत नाही. पुढच्या भांडणाला ती पुन्हा उघडते.

डबेवाली_काकू:

ताई, फूडचं लायसन वेगळं आणि नगरपरिषदेचा परवाना वेगळा, एकावर दुसरं भागत नाही. अन्नाची नोंदणी २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली, आपल्याकडे ती अन्न व औषध प्रशासन बघतं. घरातून चार डबे दिले तरी लागते. आईंसारख्या लहान धंद्याला पूर्ण लायसन नाही, साधी नोंदणी पुरते. अर्ज फॉसकॉस (FoSCoS) या सरकारी अन्नपरवाना संकेतस्थळावर. मी केली तेव्हा वर्षाला १०० रुपये फी होती. फोटो, ओळखपत्र आणि पत्त्यासाठी लाइटबिल, एवढ्यावर माझी झाली. एजंट दोन हजार मागतो, देऊ नका. नंबर चौदा आकडी येतो, तो स्वयंपाकघरात दिसेल असा लावायचा आणि खुलाशात लिहायचा. नंबर हाती नसेल तर अर्जाचा क्रमांक लिहा.

त्याच्यासोबत येणाऱ्या गोष्टी लोक विसरतात. स्वयंपाक करणाऱ्या सगळ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी, टायफॉइडची लस, पाणी पिण्यायोग्य असल्याचा तपासणी अहवाल. मदतीच्या बायकांचंही करून घ्या, आपलंच नको.

आणि एक नाजूक प्रश्न. सिलिंडर कुठला वापरता? घरगुती १४.२ किलोच्या टाकीवर खानावळ चालवता येत नाही, १९ किलोची व्यावसायिक घ्यावी लागते. तक्रार करणाऱ्याच्या हे लक्षात आलं तर पुढचा अर्ज नगरपरिषदेत नाही, पुरवठा विभागात जाईल.

ओसरी:

काकू, वर्मावर बोट ठेवलंत. दोन्ही टाक्या घरगुतीच आहेत. आईला विचारलं तर म्हणे "एवढं कोण बघतंय". आज एजन्सीत जाऊन व्यावसायिक जोडणीचा अर्ज दिला.

बारनिशीकाका, खुलासा दिला. आवकवाल्यांनी तुम्ही लिहिलंत तसंच्या तसं, "साहेब साइटवर" म्हणून पाहिलं. मी बाकावर बसून राहिले. पंधरा मिनिटांत शिक्का मिळाला.

गच्चीवरचा:

मी गुरुजींच्या बाजूने लिहिणार आहे, शिव्या बसल्या तरी चालतील.

चार वर्षं एका मेसच्या वरच्या मजल्यावर राहिलो. सकाळी सहापासून फोडणी. मिरचीचा ठसका लागून आमचं तान्हं बाळ झोपेतून उठायचं. जेवायला येणाऱ्यांना अन्न चांगलं लागतं, बाजूला राहणाऱ्याला त्याच अन्नाचं तेलकट पाणी, माश्या आणि गेटसमोर आडव्या लावलेल्या गाड्या मिळतात. तक्रार केली की आपणच खलनायक, कारण "बिचारी बाई कष्ट करते". कष्ट करते हे मान्य, पण माझ्या खिडकीत का?

धागाकर्तीने गुरुजींना काय त्रास होतो ते एका ओळीतही लिहिलेलं नाही. तुमचा धूर काढणारा पंखा कुठल्या बाजूला आहे?

ओसरी:

गच्चीवरचा, शिव्या नाही. पंखा गुरुजींच्या बोळाकडेच आहे. गुरुजींना दमा आहे. भांडी मागच्या मोरीत घासतात, ते पाणी उघड्या गटारीतून त्यांच्या दारावरून जातं. गाड्यांचंही खरं आहे. मी लिहिलं नाही, कारण लिहिताना मलाही ते फार मोठं वाटलं नव्हतं.

बारनिशी:

कागदावर लिहिताना आपली बाजू मोठ्या अक्षरात येतेच, त्यात गैर काही नाही. तक्रारीची प्रत मिळाली का? नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक. पण आधी टेबलावर जाऊन तोंडी मागा, पुष्कळदा देतात.

ओसरी (दोन आठवड्यांनी):

उशिराबद्दल क्षमस्व. प्रत मिळाली, माहिती अधिकार लागला नाही. ती वाचल्यापासून मला धड हसू येत नाहीये आणि रडूही.

गुरुजींचा अर्ज खानावळीविरुद्ध नाहीच. विषयच असा आहे: "आळीतील तुंबलेली गटार साफ करणेबाबत". पावसाळ्यापासूनचा तिसरा अर्ज. पहिल्या दोन्हींचे आवक क्रमांक आणि तारखा वर नीट संदर्भात दिलेल्या, गुरुजीच ते. सात ओळी गटारीवर आहेत. गाळ काढलेला नाही, डास झालेत, आळीत डेंग्यूचे रुग्ण निघाले, फवारणी नाही. शेवटून दुसरी ओळ अशी की शेजारील खानावळीचे पाणीही यातच येते, तरी त्यांनाही समज देण्यात यावी. बस्स. पहिल्या दोन अर्जांवर काही झालं नाही. तिसऱ्यात आमचं नाव आलं आणि आठवड्यात नोटीस निघाली. गटार काढायला चार माणसं आणि ट्रॅक्टर लागतो, नोटीस द्यायला एक शिपाई पुरतो.

प्रत घेऊन मी सरळ गुरुजींकडे गेले. आई आली नाही. ते म्हणाले, "समज द्या म्हणजे सांगा, असं लिहिलं होतं मी. नोटीस द्या असं कुठं लिहिलं?" मग म्हणाले, तुझ्या आईला तोंडावर कसं सांगणार, रोज भाजी येत होती.

एवढं झालं आहे: पंखा बोळातून काढून छपरावर नळीने वर नेला. गाड्या मारुतीच्या पारापाशी लावायच्या, नाहीतर ताट नाही, असं आईने मुलांना सांगितलंय आणि मुलं ऐकतात, कारण भाकरी तिच्या हातात आहे. अन्नाची नोंदणी झाली. निरीक्षक येऊन पाहणी करून गेले, चहा घेतला नाही, आमटी मात्र घेतली. कलम किंवा उपविधी काही कळवलेलं नाही, ना हरकतीचा विषयही कोणी पुन्हा काढला नाही.

बारनिशी:

विरली ना! आता गटारीचं सोडू नका. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात कलम ४९ खाली गटारी आणि रस्ते साफ ठेवणं हे नगरपरिषदेचं बंधनकारक कर्तव्य आहे. पुढचा अर्ज आईंनी आणि गुरुजींनी मिळून द्यावा, दोघांच्या सह्या. ज्याने तक्रार केली आणि ज्याच्याविरुद्ध नोटीस निघाली ते एकाच कागदावर आले की त्या टेबलाची पंचाईत होते. तिन्ही जुने आवक क्रमांक टाका, प्रत जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नगरपालिका प्रशासन शाखेला.

ओसरी:

दिला. मसुदा मी केला होता. गुरुजींनी सही करायच्या आधी लाल पेन काढून दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि "स्वच्छ प्रत करून आण" म्हणून परत पाठवलं. स्वच्छ प्रतीवर आईने सही केली, पण समोरासमोर बसून नाही. कागद मीच इकडून तिकडे नेला.

गटार अजून तशीच आहे. आवक क्रमांक मिळालाय.

आता शेवटचा आणि खरा तांत्रिक प्रश्न, कोणी प्लंबिंगमधलं असेल तर सांगा. मोरी आणि गटार यांच्यामध्ये तेल अडवणारी टाकी बसवायची आहे. गवंडी म्हणतो विटांची दोन कप्प्यांची बांधून देतो, मध्ये वाकडा पाइप, वरची साय दर आठवड्याला काढायची. जागा जेमतेम दोन बाय तीन फूट. रोजची साधारण ५० ताटं आणि डबे. एवढी पुरेल का, की तयार प्लास्टिकची मिळते ती घ्यावी? आणि काढलेली ती साय टाकायची कुठे? ओल्या कचऱ्यात घंटागाडीवाला घेत नाही, कालच नाही म्हणाला.

डबेवाली_काकू:

माझी विटांचीच आहे, तीन वर्षं झाली. झाकण जड ठेवा, मांजरं पडतात. साय राखेत किंवा लाकडाच्या भुशात कालवून, घट्ट करून पिशवीत बांधून द्या, पातळ दिली की तो घेत नाही. ताटं धुवायच्या आधी खरकटं आणि तेल वेगळं पुसून काढायची सवय लावा, मग टाकी दोन बाय तीनचीही चालते. फोटो टाकते संध्याकाळी.