मॅगडालाचे भगवे तंबू

ताकपिठ्या : काल एका समूहावर १८६८ च्या अबिसिनिया (आजचा इथिओपिया) मोहिमेचा फोटो फिरत होता. डोंगरावरची छावणी, एआयने रंगवलेली, तंबू चक्क भगवे. खाली ओळ : 'मराठ्यांनी आफ्रिकेतला गड सर केला!' त्यावर बदामांचा पाऊस. राहवलं नाही म्हणून हा धागा.

तिथल्या सम्राट तेवोद्रोसने डांबलेले मूठभर युरोपीय सोडवायला इंग्रज सेनापती नेपियर मुंबईहून तेरा हजारांची फौज आणि ४४ हत्ती घेऊन गेला. १० एप्रिलला अरोगेच्या पठारावर सातशेच्या आसपास हबशी मेले, आपले दोन. १३ तारखेला त्याचा डोंगरी गड मॅगडाला पडला, तेवोद्रोसने स्वतःवर पिस्तूल झाडलं. लूट वाहायला १५ हत्ती आणि जवळपास २०० खेचरं लागली. अभिमान नक्की कशाचा?

आणि फोटो लष्करानेच काढलेले. ओल्या काचेवर फोटो घेण्याचा जमाना, माणूस हलला की पुसट. त्यामुळे लढाई नाहीच, नुसत्या शिस्तीत उभ्या राहुट्या. युद्धाची सहल झालीये.

पलटणकर : खुर्चीत बसून बोलणं सोपं असतं. माझ्या घरात तीन पिढ्या पलटणीत. तेव्हाची ३री बाँबे पलटण म्हणजे आजची मराठा लाइट इन्फंट्रीची जंगी पलटण, 'अबिसिनिया' हा तिचा रणसन्मान आहे. समुद्रापासून सहाशे किलोमीटर डोंगर तुडवत गेलेला शिपाई लुटारू? त्याने हुकूम पाळला. तुमच्या घरात वर्दी कोणी घातली आहे का?

हिशेबनीस : वर्दीचा पगार कोणी दिला तेही सांगा. भारतीय पलटणींचा नेहमीचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरीतून गेला. कैदी त्यांचे, भांडण त्यांचं, भुर्दंड आपल्याला. परक्या लढायांचा खर्च आपल्या माथी मारतात म्हणून दादाभाई नौरोजी उगाच नव्हते ओरडत.

ताकपिठ्या : @पलटणकर, लुटारू मी म्हटलेलं नाही. पण १८६८ ला त्या पलटणीच्या नावात 'मराठा' नव्हतंच, ते नंतर आलं. मुंबई फौजेत मराठे, महार, मुसलमान, बेने इस्रायल (कोकणातले ज्यू) सगळे होते. आणि मलिक अंबर ज्या मुलखातून आला तिथेच जाऊन आपण 'गड सर केला' म्हणायचं? जंजिऱ्याच्या सिद्दींच्या मुलखाला हबसाण, म्हणजे हबशांचा मुलूख, म्हणणारे आपण!

गुलाबीफेटा : अवांतर : हे रंगवणंच बंद करा. आजोबांचा एकुलता एक फोटो गावातल्या स्टुडिओत दिला होता. परत आला तो गुलाबी फेटा, गाल लालबुंद. आजी बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "हे कोण पाहुणे?" आयुष्यभर पांढरा पटका बांधणारा माणूस. आता सगळे नातेवाईक तोच गुलाबी फोटो स्टेटसला ठेवतात, मूळ फोटो ट्रंकेत.

चिंचगुळी : असहमत. काळा-पांढरा फोटो माझी मुलगी बघतसुद्धा नाही. रंग दिसला म्हणून तिने विचारलं तरी, "हे कुठे गं?"

गुलाबीफेटा : मग तिला खोटंच दाखवा. उद्या शिवरायांना गॉगल घाला.

चिंचगुळी : जिभेला आवर घाला. तुमच्या स्टुडिओवाल्याचा राग माझ्यावर कशाला?

पलटणकर : इथे रणसन्मानाचं बोलणं चाललंय आणि तुमचं फेट्याचं काय!

गुलाबीफेटा : फेटा आमचाही सन्मानच होता, साहेब.

मुकादम : भांडा. पण त्या मोहिमेतून सात वर्षांचं पोरही नेलं, तेवोद्रोसचा मुलगा अलेमायेहू. इंग्लंडला नेल्यावर नामांकित फोटोग्राफर ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉनने त्याचे फोटो काढले. १८७९ मध्ये, अठराव्या वर्षी, लीड्सला वारला. विंडसरला पुरलाय. इथिओपिया अवशेष मागते आहे, बकिंगहॅम राजवाडा २०२३ मध्येही नाही म्हणाला. त्या पोराचे डोळे बघा एकदा. रंगवायची गरज नाही.

पलटणकर : पाहिला. माझा नातू त्याच वयाचा आहे. बरं, 'सर केला' काढा म्हणावं त्या फोटोवाल्याला. 'अबिसिनिया' मात्र पुसू देणार नाही.

ताकपिठ्या : पुसा म्हणतंय कोण? उपकार झाले एवढं मानलंत त्याबद्दल. तंबू तेवढे पांढरे करायला सांगा.

गुलाबीफेटा : पांढरेच होते कशावरून?