मदत हवी आहे: उतारवयातलं टेस्टोस्टेरॉन आणि टीएसपीओ
नमस्कार मंडळी, एमएस्सी बायोकेमिस्ट्रीच्या सेमिनारची तयारी करतेय आणि एका ठिकाणी गाडी अडली आहे. इथे एंडोक्रायनॉलॉजीवाले कुणी असतील तर कृपया सांगा.

वृषणातल्या लायडिग पेशींत कोलेस्टेरॉल मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पटलावरून आतल्या पटलावर पोचलं, की तिथलं एन्झाइम त्याचं प्रेग्नेनोलोन करतं आणि पुढे टेस्टोस्टेरॉन बनतं. ही ने-आण 'स्टार' प्रोटीनमुळे होते, इथवर ठीक. ब्राउन नॉर्वे जातीच्या म्हाताऱ्या उंदरांत (म्हणजे रॅट, माइस नव्हे) लायडिग पेशींची संख्या फारशी घटत नाही, पण प्रत्येक पेशीचं उत्पादन घटतं. एलएचचा (पिट्यूटरी ग्रंथीतून येणारं, टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगणारं हार्मोन) इशारा पेशीत क्षीण पोचतो, सीएएमपी (पेशीच्या आत तो इशारा पुढे नेणारा रेणू) कमी बनतं, स्टारही कमी होतं. हेही पटतं.

घोळ आहे तो टीएसपीओचा (ट्रान्सलोकेटर प्रोटीन). मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पटलावरचं हे प्रोटीन कोलेस्टेरॉल आत घेण्यासाठी अत्यावश्यक, असं जुन्या पुस्तकांत ठामपणे लिहिलंय. 2013 मध्ये त्याला चिकटणारं औषध दिल्यावर म्हाताऱ्या उंदरांचं टेस्टोस्टेरॉन वाढलं. आणि 2014 मध्ये टीएसपीओचं जनुकच काढलेल्या माइसमध्ये स्टेरॉइड (टेस्टोस्टेरॉन याच गटातलं) व्यवस्थित बनत होते! मग ते औषध नक्की कुठे काम करत होतं? दुसऱ्याच कुठल्या लक्ष्यावर? की वय झालेल्या पेशीत टीएसपीओची भूमिका वेगळी असते? मला पहिली शक्यता जास्त वाटते, पण मार्गदर्शक सर 'पुरावा दाखव' म्हणतील. औषधाचा परिणाम टीएसपीओ नसलेल्या पेशींवर तपासलेले प्रयोग कुणी वाचलेत का?