एक्स-रेत गुडघा बंद दिसला म्हणून लगेच स्वार होऊ नका

एकाने विचारलंय: मारवाडी जातीचं शिंगरू 26 महिन्यांचं, एक्स-रेत पुढचा गुडघा बंद (म्हणजे तिथली वाढीची कूर्चा भरून हाड झालेलं), मग पावसाळा संपताच गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर त्याच्यावर बसायला हरकत आहे का? माझ्या मते आहे. गुडघ्याजवळची वाढीची कूर्चा साधारण अडीच वर्षांपर्यंत भरून येते. मणक्यांची मात्र पाच-साडेपाच वर्षांपर्यंत. आणि आपण बसतो ते पाठीवर!

बाजूने नीट बघा. पुठ्ठे खांद्याच्या उंचवट्याहून वर असतील तर वाढ चालू आहे. जास्त भार पुढच्या पायांवर जाईल. अडीच वर्षांच्या सुमारास पुढचे मधले दुधाचे दात पडतात, तेव्हा हिरड्या हुळहुळतात. लगामाची लोखंडी कडी तोंडात गेली की मान झटकतं आणि आपण म्हणतो, हट्टी आहे. वरच्या पहिल्या दाढेपुढे खुंटासारखा बारका दात असेल तर तोही आधी डॉक्टरला दाखवा.

तोवर जमिनीवरचं काम. धरून चालवणं, थांबवणं, मागे सरकवणं. लाँजिंग (लांब दोरीवर गोल फिरवणं) क्वचित, मोठ्या वर्तुळात, दहा मिनिटं पुरे. खोगिराचा तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, एकेक भोक आवळा. कान मागे गेले, शेपूट फटकारली की तिथेच थांबा.

किनाऱ्यावर नेलंत तर ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूतून चालवा. कोरड्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो, कंडरा (टेंडन) ताणल्या जातात.

आणि वजन: घोडं 300 किलोचं, तर सुरुवातीला 15 टक्के धरा, म्हणजे खोगिरासकट 45 किलो. आता स्वार कोण, ते तुम्हीच ठरवा.